रजिस्ट्री क्लीनर दाखवतो त्या शेकडो चुका खऱ्या असतात का?

कंपोज_दादर | सोमवार, रात्री ९:४०

दादरला आमचं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, हँडबिलं, दिवाळी अंकांचं कंपोजिंग अशी कामं चालतात. दोन मशीन आहेत, एक विंडोज १० चं आणि दुसरं नवीन घेतलेलं विंडोज ११ चं. दोन्हींवर एक फुकटातला रजिस्ट्री क्लीनर (विंडोजच्या सेटिंगांमधल्या 'चुकीच्या' नोंदी शोधून काढणारा प्रोग्राम) टाकलेला आहे. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला तक्रार करायची नाहीये, कारण समजून घ्यायचं आहे.

जुन्या मशीनवर स्कॅन केलं की ६८७ चुका दाखवतो. मशीन मात्र व्यवस्थित चालतंय, काहीही अडत नाही. नव्या मशीनवर नुकतंच विंडोज टाकलेलं होतं, तिथेही दोनशेच्या वर चुका निघाल्या. 'दुरुस्त करा' दाबलं, लगेच पुन्हा स्कॅन केलं, तर त्यातल्या काही परत हजर. दुसऱ्या कंपनीचा क्लीनर लावून पाहिला, त्याचा आकडा वेगळाच आणि यादीही वेगळी.

सगळ्यात जास्त कोड्यात टाकलं ते फाँटनी. यादीत आठ-दहा देवनागरी फाँटांपुढे 'फाइल सापडत नाही' असं लिहिलेलं आहे. त्यातल्याच एका फाँटमध्ये आज सकाळी मुंजीची पत्रिका लावून दिली! काही डीएलएल फाइलींचंही (प्रोग्रामांना चालायला लागणाऱ्या जोडफाइली) तेच. क्लीनर म्हणतो नाही, आणि मी फोल्डर उघडून बघते तर फाइल समोर दिसते.

डोळ्यांसमोर असलेली फाइल सॉफ्टवेअरला दिसत नाही, हे कसं होतं? 'काढून टाका' हे उत्तर मला माहीत आहे. कारण हवंय.

पश्चिम_लोकल | सोमवार, रात्री १०:०५

काढून टाका. :)
हे तुम्हाला नको होतं ते कळलं, पण तोवर निदान 'दुरुस्त करा' दाबू नका. विशेषतः फाँटांच्या बाबतीत.

सपोर्ट_अंधेरी | सोमवार, रात्री ११:३०

प्रश्न फार चांगला मांडलाय, म्हणून सविस्तर लिहितो. अंधेरी एमआयडीसीत बरीच वर्षं डेस्कटॉप सपोर्टचं काम करतोय आणि या चुकांच्या याद्या घेऊन घाबरलेली माणसं नेहमी येतात.

रजिस्ट्री म्हणजे विंडोजची आणि त्यावरच्या सगळ्या प्रोग्रामांची सेटिंगं ठेवायची जागा. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये ती फक्त कुठली फाइल कुठल्या प्रोग्रामने उघडायची एवढ्यापुरती होती. विंडोज ९५ आणि एनटीपासून जवळपास सगळंच तिच्यात गेलं. तिच्यात काय लिहायचं आणि ते कसं वाचायचं, हे तो तो प्रोग्राम ठरवतो. म्हणजे एखाद्या नोंदीचा नेमका अर्थ ज्याने लिहिली त्यालाच माहीत असतो. क्लीनर हा बाहेरचा. तो नोंद बघतो, तिच्यात फाइलच्या पत्त्यासारखं काही दिसलं तर त्या पत्त्यावर जाऊन बघतो, आणि तिथे काही मिळालं नाही की चूक मांडतो. गणपतीत चाळीतल्या निम्म्या खोल्यांना कुलूप असतं, म्हणून त्या बेवारस आहेत असं कोणी लिहून घेत नाही. क्लीनर नेमकं तेच लिहून घेतो.

आता तुमच्या डीएलएलचं. बहुतेक तुमचं विंडोज ६४ बिटचं, म्हणजे नव्या पद्धतीचं आहे आणि क्लीनर जुन्या ३२ बिटच्या पद्धतीचा. ६४ बिटच्या विंडोजमध्ये सिस्टम३२ या फोल्डरात ६४ बिटच्या फाइली असतात आणि ३२ बिटच्या फाइली सिसवॉव६४ मध्ये. नावं उलटी वाटतात, पण तसंच आहे. जुने ३२ बिटचे प्रोग्राम मोडू नयेत म्हणून विंडोज एक काम गुपचूप करतं. ३२ बिटच्या प्रोग्रामने सिस्टम३२ मधली फाइल मागितली की त्याला न सांगता सिसवॉव६४ मध्ये नेऊन सोडतं. प्रोग्रामला वाटतं आपण सिस्टम३२ मध्येच आहोत. ज्या फाइलची ३२ बिटची जोडीदार फाइलच नाही ती त्याला दिसणार कशी? रजिस्ट्रीसाठीही असेच दोन भाग आहेत. काही क्लीनर रजिस्ट्रीचा ६४ बिटचा भाग बरोबर वाचतात, पण फाइल शोधायला मात्र ३२ बिटच्या वाटेने जातात. मग चुकांचा ढीग लागतो, आणि तो कोऱ्या करकरीत विंडोजवरही लागतो.

स्वतः बघायचं असेल तर रनमध्ये सिसवॉव६४ मधला सीएमडी (कमांड टाइप करायची काळी खिडकी) पूर्ण पत्ता देऊन उघडा आणि डीआयआर कमांडने सिस्टम३२ मधली स्पूलएसव्ही.ईएक्सई शोधा. ही तुमच्या प्रिंटिंगची सर्व्हिस आहे. मग नेहमीचा सीएमडी उघडून तीच कमांड द्या. काय दिसतं ते इथे लिहा.

दुसरं कारण म्हणजे पत्ता नसलेली नोंद. मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेट या पद्धतीत लिहिलेले अनेक घटक रजिस्ट्रीत स्वतःच्या फाइलऐवजी नुसतं 'एमएसकोरी.डीएलएल' एवढंच लिहितात, ड्राइव्ह नाही, फोल्डर नाही. ती फाइल कुठे असते ते विंडोजला ठाऊक आहे. अर्धवट लिहिलेल्या क्लीनरला ठाऊक नसतं, तो म्हणतो पत्ता अवैध. काही नोंदींत पत्त्याच्या जागी '%सिस्टमरूट%' असतं, ते आधी उलगडावं लागतं. काहींच्या सुरुवातीला @ असतो आणि शेवटी स्वल्पविराम देऊन उणे आकडा, म्हणजे 'या डीएलएलमधला अमुक क्रमांकाचा मजकूर दाखव'. ते सगळंच्या सगळं फाइलचं नाव समजून शोधलं तर मिळणार नाहीच.

फाँटांबद्दल आधी एक विचारतो. तुमचे फाँट बाहेरच्या हार्ड डिस्कवर आहेत का?

कंपोज_दादर | मंगळवार, दुपारी २:१५

काका, खूप आभार. कमांड देऊन पाहिली. सिसवॉव६४ मधल्या काळ्या खिडकीत 'फाइल नॉट फाउंड' आलं. नेहमीच्या सीएमडीत तीच कमांड, तोच पत्ता, आणि फाइल तारीख-आकारासकट दिसली. दोन्ही खिडक्या शेजारी ठेवून आमच्या ऑपरेटरला दाखवलं. प्रिंटर शेजारी चालू होता, पत्रिका निघत होत्या, आणि एक खिडकी म्हणत होती प्रिंटिंगची फाइलच नाही.

विंडोज १० च्या टास्क मॅनेजरमध्ये क्लीनरच्या नावापुढे '३२ बिट' असं लिहिलेलंही सापडलं.

हो, फाँटांची मोठी डिस्क वेगळी आहे. ई ड्राइव्ह. दोन्ही मशीनवर लागेल तशी लावतो. पण सकाळी वापरलेला फाँट डिस्कवरचा नव्हता, मशीनवरच टाकलेला होता.

अक्षरवेडा_गिरगाव | मंगळवार, दुपारी ४:५०

हे माझं क्षेत्र, म्हणून मी लिहितो. फाँटांच्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत करू नका.

डिस्कवरच्या फाँटांबद्दल: विंडोजच्या फाँट सेटिंगमध्ये शॉर्टकटने फाँट टाकायची सोय आहे. ती चालू असेल तर फाँटची फाइल मशीनवर येतच नाही, रजिस्ट्रीत फक्त 'ई ड्राइव्हवर अमुक ठिकाणी' एवढी नोंद होते. हजारो फाँट बाळगणाऱ्या दुकानांत हे सर्रास करतात, जागा वाचते. डिस्क काढून ठेवलेली असताना स्कॅन केलं तर त्या सगळ्या नोंदी 'फाइल नाही' म्हणून येणारच. तिथे 'दुरुस्त करा' दाबलं की नोंदी गेल्या. मग डिस्क लावली तरी ते फाँट मेनूत येणार नाहीत, एकेक पुन्हा टाकत बसायचं. ऐन दिवाळी अंकाच्या धांदलीत असं झालेलं मी पाहिलंय, म्हणून कळकळीने सांगतो.

सकाळच्या फाँटबद्दल: पूर्वी फाँट टाकला की तो विंडोजच्या फाँट्स फोल्डरात जायचा आणि रजिस्ट्रीत नुसतं फाइलचं नाव लिहिलं जायचं, 'मंगल.टीटीएफ' असं. फोल्डर लिहायची गरज नव्हती, एकच जागा होती. विंडोज १० च्या २०१८ अखेरच्या १८०९ या आवृत्तीपासून नुसतं 'इन्स्टॉल' म्हटलं की फाँट फक्त त्या वापरकर्त्यापुरता जातो. फाइल त्याच्या अ‍ॅपडेटातल्या फोल्डरात आणि नोंद त्याच्याच भागात. सगळ्यांसाठी टाकायचा तर राइट क्लिक करून 'इन्स्टॉल फॉर ऑल यूझर्स' म्हणावं लागतं. जुन्या पद्धतीने फाँट शोधणारा क्लीनर एकाच फोल्डरात बघतो. त्याला तुमचा फाँट दिसणार नाही, पण तुमच्या कोरलला (डिझाइनच्या सॉफ्टवेअरला) दिसेल.

खात्री करायची तर त्यातला एक फाँट काढा, सगळ्यांसाठी म्हणून परत टाका आणि स्कॅन करा.

फोर्ट_करकाम | मंगळवार, सायंकाळी ७:२०

हा धागा आधी वाचायला मिळायला हवा होता.

आम्ही कंपन्यांची जीएसटीची आणि इतर रिटर्नं भरतो. सही डिजिटल, यूएसबी टोकनवर. २० तारीख तोंडावर आली होती आणि ऑफिसातल्या एका मुलाने मशीन संथ आहे म्हणून क्लीनर फिरवला. तो फक्त मदत करायला गेला होता. त्यानंतर टोकन लावलं की दिवा लागायचा, पण सही करायच्या खिडकीत प्रमाणपत्रच यायचं नाही. टोकनच्या कंपनीला फोन, पोर्टलच्या मदतकेंद्राला फोन, सगळं झालं. शेवटी टोकनचा ड्रायव्हर काढून परत टाकल्यावर चालू झालं.

क्लीनरने नेमकं काय उडवलं असेल?

सपोर्ट_अंधेरी | मंगळवार, रात्री १०:४५

@फोर्ट_करकाम, विंडोजमध्ये स्मार्ट कार्ड आणि टोकनांची ओळख रजिस्ट्रीत क्रिप्टोग्राफी या 'की'खाली (की म्हणजे रजिस्ट्रीतला फोल्डरसारखा कप्पा) 'कॅले' नावाच्या भागात असते. अमुक प्रकारचं कार्ड आलं तर अमुक डीएलएलला बोलव, असं तिथे लिहिलेलं असतं. त्या डीएलएलचा उल्लेख बरेचदा नुसत्या नावाने असतो, किंवा ती फक्त ६४ बिटची असते. म्हणजे वर सांगितलेली दोन्ही कारणं लागू. तुमच्या मशीनवर नेमकं तेच झालं की नाही हे क्लीनरने घेतलेल्या बॅकअपमधून कळेल. बॅकअप घेतला असेल तर ती .रेग फाइल (रजिस्ट्रीतून काढलेल्या नोंदींची फाइल) नोटपॅडमध्ये उघडा आणि 'कॅले' शोधा. डबल क्लिक मात्र करू नका, नाहीतर जुन्या नोंदी परत आत जातील.

वांद्रे_वाचक | बुधवार, सकाळी ८:१०

थोडा विरोधी सूर लावतो. मी बरीच वर्षं क्लीनर वापरतोय, कधी काही बिघडलं नाही आणि फिरवल्यावर मशीन हलकं झाल्याचं जाणवतं. सगळं खोटं असेल तर हा फरक कशाने पडतो?

सपोर्ट_अंधेरी | बुधवार, सकाळी ९:३०

फरक खरा असेल, पण तो रजिस्ट्रीमुळे नाही. हे क्लीनर एकाच बटनाखाली बऱ्याच गोष्टी करतात. टेम्प फाइली काढतात, ब्राउझरचा साठा रिकामा करतात, मशीनसोबत आपोआप सुरू होणारे प्रोग्राम बंद करतात. डिस्क भरत आलेली असेल किंवा सुरुवातीला दहा प्रोग्राम एकदम उठत असतील तर याचा फायदा होतोच. ही सगळी कामं विंडोजच्या स्टोरेज सेटिंगमधून आणि टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपमधून होतात, वेगळं काही टाकावं लागत नाही.

रजिस्ट्रीचं गणित मांडून बघा. ताईंच्या ६८७ नोंदींना प्रत्येकी दोनशे बाइट धरले तरी एकूण भरतात १३५ केबीच्या आसपास. एकट्या सॉफ्टवेअर या भागाची फाइल कितीतरी एमबींची असते, वापरातल्या मशीनवर शंभराच्या घरात जाते. शिवाय विंडोज रजिस्ट्री पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत नाही. झाडाच्या फांद्यांसारखी रचना आहे, हवी ती की थेट गाठली जाते. शेजारी पाचशे निरुपयोगी नोंदी असल्या तरी तुमच्या नोंदीपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. सिसइंटर्नल्स या विंडोज तपासायच्या साधनांच्या मार्क रसिनोविच यांनी हे २००५ मध्येच लिहून ठेवलंय, आणि विंडोजच्या आतलं त्यांच्याइतकं जाणणारी माणसं थोडी.

त्यांच्याच प्रोसेस मॉनिटर या फुकट साधनाने एकदा कुठलाही निरोगी प्रोग्राम उघडताना बघा. 'नेम नॉट फाउंड' च्या ओळींमागून ओळी पळतात. प्रोग्राम विचारतो, अमुक सेटिंग आहे का? नाही. बरं, मग ठरलेलं मूल्य वापरतो. विंडोजचा दिवस असाच चालतो. नोंद नसणं किंवा नोंदीमागे फाइल नसणं ही मुळात चूक नाही, आणि क्लीनर तिलाच चूक म्हणतो.

वांद्रे_वाचक | बुधवार, सकाळी ९:५५

स्टार्टअपचं पटलं. माझ्या क्लीनरमध्ये तो भाग आहे आणि मी तो वापरतो. रजिस्ट्रीचा भाग बंद ठेवून महिनाभर बघतो.

लेखापाल_ठाणे | बुधवार, दुपारी १:३५

आकडे फुगवण्यामागे पैसा आहे, हेही लिहायला हवं. फुकट स्कॅन, पैसे भरून दुरुस्ती, अशी रचना असली की जास्त चुका दाखवण्यातच विकणाऱ्याचा फायदा.

अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने यावर कारवाया केल्यात. २०१९ मध्ये ऑफिस डेपो आणि सपोर्ट डॉट कॉम यांनी मिळून ३.५ कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं. आरोप असा होता की दुकानात होणाऱ्या 'पीसी हेल्थ चेक'च्या सुरुवातीला ग्राहकाला चार प्रश्न विचारायचे, मशीन संथ आहे का वगैरे. त्यातल्या एकालाही 'हो' म्हटलं की व्हायरसची लक्षणं सापडली असं निकालात यायचं. स्कॅन नावापुरतं. २०२४ मध्ये रेस्टोरो आणि रीइमेज या सायप्रसच्या कंपन्यांनी २.६ कोटी डॉलर भरायचं मान्य केलं, तिथेही खोटे इशारे देऊन दुरुस्ती विकल्याचाच आरोप.

मायक्रोसॉफ्टने १ मार्च २०१८ पासून घाबरवून पैसे उकळणाऱ्या अशा प्रोग्रामांना डिफेंडरमध्ये नको असलेलं सॉफ्टवेअर ठरवलं. नव्वदच्या दशकात त्यांचा स्वतःचा रेगक्लीन होता, तोही त्यांनी मागे घेतला. आता त्यांचं धोरण सरळ आहे, रजिस्ट्री क्लीनर वापरण्याला आमचा पाठिंबा नाही.

सगळेच क्लीनर लबाड असतात असं माझं म्हणणं नाही. पण समोर 'धोका: उच्च' असा लाल पट्टा दिसला की तो कोणी आणि कशासाठी रंगवला, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

कंपोज_दादर | बुधवार, रात्री ९:१०

@अक्षरवेडा_गिरगाव, तुम्ही म्हणालात तसंच झालं. एक फाँट काढून सगळ्यांसाठी म्हणून टाकला, तो यादीतून गेला. बाकीचे अजून आहेत. मग ई ड्राइव्ह लावून स्कॅन केलं, त्यावरचे फाँटही यादीतून गेले. आकडा ६८७ वरून बराच खाली आला, आणि मी एकही गोष्ट 'दुरुस्त' केली नव्हती.

आता दोन गोष्टी उरल्या. परत परत येणाऱ्या चुका, आणि नव्या मशीनवरचा एक विचित्र प्रकार. आमच्या ऑपरेटरला विंडोज ११ चा राइट क्लिकचा नवा आखूड मेनू आवडत नाही. त्याने इंटरनेटवर बघून काहीतरी करून जुना लांब मेनू आणला होता. पहिल्या दिवशी क्लीनर फिरवला आणि तेव्हापासून नवा मेनू परत आलाय. याचा संबंध असेल का?

सपोर्ट_अंधेरी | बुधवार, रात्री ११:००

आहे, आणि या धाग्यातलं सगळ्यात चांगलं उदाहरण तुम्ही दिलंत.

जुना मेनू आणायची ती युक्ती अशी: रजिस्ट्रीत वापरकर्त्याच्या सीएलएसआयडी भागात (विंडोजच्या घटकांची ओळख-क्रमांकांनी केलेली नोंद) ८६सीए१एए० ने सुरू होणारी एक की बनवायची, तिच्या आत इनप्रॉकसर्व्हर३२ नावाची की, आणि तिची डिफॉल्ट व्हॅल्यू रिकामी ठेवायची. रिकामीच ठेवायची, हे महत्त्वाचं. नव्या मेनूचा घटक कुठल्या डीएलएलमध्ये आहे हे विंडोज तिथे बघतं, वापरकर्त्याच्या भागातली रिकामी जागा त्याला आधी मिळते, नवा मेनू भरता येत नाही आणि जुना उघडतो. क्लीनरच्या नजरेत मात्र ही फाइलचं नाव नसलेली मोडकी नोंद. त्याने 'अ‍ॅक्टिव्हएक्स/कॉम समस्या' या सदरात टाकून उडवली असणार. त्या नोंदीत काही नसणं हाच तिचा उपयोग होता, आणि हे बाहेरून ओळखायचा कुठलाही मार्ग नाही. क्लीनर कितीही हुशार लिहिला तरी नाही.

परत येणाऱ्या चुकांचं कारण साधं आहे. तुम्ही प्रोग्राम उघडला की विंडोज त्याचं नाव 'एमयूआयकॅश' मध्ये लिहून ठेवतं. वर्डमध्ये फाइल उघडली की अलीकडच्या फाइलींच्या यादीत तिचा पत्ता जातो. तुमच्याकडे गिऱ्हाईक पेन ड्राइव्ह घेऊन येतं, तुम्ही मजकूर उघडता, ते पेन ड्राइव्ह घेऊन जातं, पत्ता तिथेच राहतो. दिवसभरात जितकी गिऱ्हाइकं तितक्या 'चुका'. काही नोंदींवर ट्रस्टेडइन्स्टॉलर या विंडोजच्या स्वतःच्या खात्याचा ताबा असतो, त्या क्लीनरला पुसताच येत नाहीत. 'झालं' म्हणतो आणि पुढच्या स्कॅनला त्याच दाखवतो. दोन क्लीनरांचे आकडे जुळत नाहीत तेही यामुळेच. चूक कशाला म्हणायचं याचे नियम प्रत्येकाने आपापले ठरवलेत.

मेनू परत आणायला क्लीनरच्या बॅकअप फोल्डरात त्या दिवशीची .रेग फाइल आहे का बघा. ती सगळी आत घालू नका. नोटपॅडमध्ये उघडा, ८६सीए१एए० चा तुकडा आणि फाइलची पहिली ओळ एवढंच नव्या फाइलीत ठेवा, .रेग म्हणून जतन करा आणि मग तिच्यावर डबल क्लिक. नंतर टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर रीस्टार्ट करा.

पश्चिम_लोकल | गुरुवार, सकाळी ७:५५

काका, बॅकअप नसेल तर विंडोज स्वतः रजिस्ट्रीची प्रत ठेवतं ना? रेगबॅक फोल्डरात?

सपोर्ट_अंधेरी | गुरुवार, सकाळी ८:४०

ठेवायचं. विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून ते आपोआप होत नाही. फोल्डर आहे, आत फाइलीही दिसतात, आकार बघितला तर शून्य. त्यावर विसंबून राहू नका. रजिस्ट्रीत हात घालायच्या आधी सिस्टम रिस्टोर पॉइंट बनवा, आणि एकच की बदलायची असेल तर रेगएडिटमधून तेवढी एक्सपोर्ट करून ठेवा. विंडोजच्या फाइली बिघडल्याची खरी शंका असेल तर एसएफसी स्कॅननाऊ चालवा. ते फाइली खऱ्या प्रतीशी ताडून बघतं, अंदाज करत नाही.

फोर्ट_करकाम | गुरुवार, दुपारी १२:२०

बॅकअपची फाइल सापडली. नोटपॅडमध्ये 'कॅले' शोधलं, आमच्या टोकनच्या नावाची की त्यात आहे. ऑफिसातल्या सगळ्या मशीनांवरून क्लीनर काढायला सांगितलंय.

कंपोज_दादर | गुरुवार, सायंकाळी ६:३०

नव्या मशीनवर तो तुकडा मिळाला, काकांनी सांगितलं तसा आत घातला, एक्सप्लोरर रीस्टार्ट केला. जुना मेनू आला, ऑपरेटर खूश आहे.

@अक्षरवेडा_गिरगाव, बाकीचे फाँटही सगळ्यांसाठी म्हणून परत टाकू का? दोन्ही मशीनवर एकच वापरकर्ता आहे.

अक्षरवेडा_गिरगाव | गुरुवार, रात्री ८:०५

वापरकर्ता एकच असेल आणि फाँट सगळीकडे दिसत असतील तर हात लावू नका. एखादं जुनं कंपोजिंगचं सॉफ्टवेअर तो फाँट दाखवत नसेल तरच तेवढा फाँट सगळ्यांसाठी टाका. आणि ई ड्राइव्हची दुसरी प्रत करून घ्या, त्या डिस्कवर तुमचं सगळं दुकान आहे.